पाठीवरची नावे

नामपल्लीच्या आमच्या घरातील छायाचित्रे लॅपटॉपवर नीट लावण्याचे काम आम्ही यंदा दिवाळीत आरंभिले. एकाच प्रसंगाची दहा-दहा चित्रे होती. त्यांतले एक राखून बाकीची पुसताना हात अडखळला नाही. अडखळला तो एका जुन्या चित्रापाशी.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला. त्या सुमारास काका बदलीवर औरंगाबादेस निघाले, तेव्हा जवळच्याच बागेआम उद्यानात सर्वांनी मिळून काढविलेले ते चित्र. यंत्राने मात्र ते २०१९ सालात घातले होते. स्कॅन ज्या दिवशी झाले, तीच त्याच्या लेखी चित्राची तारीख!

तारीख आम्ही सुधारली. पण अकरांपैकी चौघांची नावे आठवेनात. वडिलांनी ती मूळ चित्राच्या पाठीवर लिहिली होती. प्रत निघाली म्हणून ते मूळ आम्हीच रद्दीत घातले होते. पाठीची प्रत काढण्याचे सुचले नव्हते.

वृद्ध काकूंना दूरध्वनी केला. त्यांनी दोन नावे सांगितली. ती चित्राखाली नोंदविली. उरलेल्या दोघांपुढे, 'आपल्यांपैकीच कोणी', एवढेच लिहून ठेविले आहे.