पटाशीची पाठ

पटाशी बोथट झाली की बहुतेक जण तिची उतरती बाजू दगडावर घासत बसतात. पाठीकडे कुणी बघत नाही. अहो, उतार आणि पाठ मिळतात त्या रेघेलाच धार म्हणायचं. पाठ ओरखड्यांनी भरलेली असेल तर नुसता उतार चकचकीत करून काय उपयोग? जाड काचेवर ओला पॉलिश पेपर पसरायचा आणि पाठीचा टोकाकडचा बोटभर भाग ओरखडे जाईपर्यंत घासायचा. कंटाळवाणं काम, पण नव्या पटाशीला एकदाच करावं लागतं.

उताराला कोनमापक नको. पात्याच्या जाडीच्या दुप्पट उतार म्हणजे 30 अंश; 3 मिलिमीटर पातं, 6 मिलिमीटर उतार. आमच्या दापोरा गावात बांधावरची बाभूळ तासायची तर याहून निमुळती धार टिकत नाही, कोपरे उडतात. सागाचं दुखणं वेगळं. हाताला मऊ लागतो, पण त्याच्या अंगात सिलिका असते, वाळूत असते तीच. म्हणून सागावर रंधा लवकर बोथटतो. सागाचं काम काढलं की मी चहाला उठतानाच दगडावर चार हात मारून घेतो.

दगड कार्बोरंडमचा, एका अंगाला खरबरीत, दुसऱ्याला बारीक. उतार घासता घासता पाठीच्या बाजूला केसाएवढी कोर वळते. डोळ्यांना ती दिसत नाही. अंगठा पाठीवरून धारेबाहेर सरकवला (धारेच्या लांबीने कधीच नाही!) की खरखर लागते. ही खरखर पूर्ण रुंदीभर लागेपर्यंत बारीक अंगाकडे वळायचं नाही. शेवटी पाठ दगडाला चिकटवून दोन-तीनदा ओढायची. इथं मूठ जरा उचलली गेली की सपाट केलेल्या पाठीचं मातेरं.

विजेच्या चाकावर झटपट काम होतं खरं, पण धारेवर निळी झाक आली की पोलादाचं पाणी उतरलंच म्हणा. तो भाग घासून टाकण्यावाचून इलाज नाही. खंडेनवमीला हळदकुंकू लावून पुजलेली निळी पाती मी पाहिली आहेत.

मनगटावरचे केस कापून दाखवणं हा बाजारातला खेळ. मी पॅकिंगच्या खोक्याची मऊ फळी घेतो आणि तिच्या टोकावर, रेषे उभे असतात तिथं, पटाशी चालवतो. भुसा पडला तर पुन्हा दगड. अखंड पापुद्रा निघून खाली गुळगुळीत लाकूड दिसलं, की कामाला लागायचं.