चौथा गिअर गेला कुठे?

आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या कोकणी घरांत जुनी ऑटोमॅटिक गाडी ही ओळखीची वस्तू. एक जण कायमचा गावी परतताना विकून जातो, दुसरा घेतो, चार-पाच वर्षे वापरून तिसऱ्याला देतो. जिद्द्यात आम्हा दोघा भावांकडे 1993 ची टोयोटा कॅमरी आली ती अशीच, तीन हातांतून. इंजिन ठणठणीत, एसी उत्तम. फक्त हायवेवर गाडी ओरडायची. ताशी शंभराला आरपीएमचा काटा जवळजवळ साडेतीन हजारावर.

शहरात याचे काही वाटत नव्हते. पण 2009 च्या हिवाळ्यात अम्मी-अब्बा उमऱ्याला येणार होते. मक्का हाकेच्या अंतरावर, मदिना मात्र चारशे किलोमीटरच्या वर. एवढा रस्ता तिसऱ्या गिअरवर कापायचा म्हणजे पेट्रोल जास्त, आवाज जास्त आणि त्या वयाच्या माणसांच्या डोक्याला ताप.

सनाइयात, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या वस्तीत, गाडी दाखवली. मिस्त्रीने एक फेरी मारली आणि सांगितले, "ओव्हरड्राइव्ह गया, भाई. गिअरबॉक्स खोलना पडेगा, नहीं तो तशलीह से दूसरा लाओ." तशलीह म्हणजे भंगारातल्या गाड्यांचा बाजार. त्याने सांगितलेली रक्कम दोघांच्या विमान तिकिटांच्या आसपास जात होती. तेवढे पैसे होते, पण ते तिकिटांसाठीच बाजूला काढलेले. "दोन दिवसांनी सांगतो" म्हणून आम्ही गाडी घरी आणली.

या गिअरबॉक्सला चार गिअर. तिसऱ्यात इंजिनचा एक फेरा म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर येणाराही एकच फेरा. चौथा तो ओव्हरड्राइव्ह. त्यात इंजिनने साधारण 0.7 फेरा घेतला की बाहेर एक पुरा होतो. म्हणजे ज्या वेगाला तिसऱ्यात 3400 आरपीएम लागतात, त्याच वेगाला चौथ्यात 2400 पुरतात. एवढा हिशेब कळला की काट्याकडे बघूनच बरेच ओळखता येते.

रात्री रिकाम्या रस्त्यावर थोरल्याने गाडी चालवली, धाकट्याने काटा मोजला. पहिल्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. दोन्ही वेळा काटा चांगला खाली आला. मग सत्तरच्या पुढे आणखी एक छोटासा झटका, काटा जेमतेम दोन-तीनशेने उतरला. इथेच बरेच जण फसतात आणि म्हणतात, "चारही गिअर पडतात की!" तो गिअर नसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो आतून जखडला जातो, त्याला लॉक-अप म्हणतात. खरा चौथा पडला तर काटा हजाराने उतरायला हवा. (इंजिन थंड असताना या गाड्या चौथा देतच नाहीत, म्हणून आधी पंधरा-वीस मिनिटे गाडी फिरवून घेतली होती.)

गिअरच्या दांड्यावर ओव्हरड्राइव्ह बंद-चालू करायचे बटण असते. बंद केले की मीटरमध्ये 'ओ/डी ऑफ' असा दिवा लागतो. आमचा दिवा लागलेला नव्हता, म्हणून मिस्त्रीने ओव्हरड्राइव्ह चालू आहे असे धरले. पण बटण दाबूनही दिवा लागत नव्हता, हे आमच्या डोक्यात राहिले.

पुढची परीक्षा मात्र खरोखर कामाची. या गिअरबॉक्समध्ये दोन सोलेनॉइड गिअर बदलायचा हुकूम देतात, आणि चौथ्यासाठी दोघांचाही करंट बंद असावा लागतो. म्हणून गिअरबॉक्सवरचा सोलेनॉइडचा कनेक्टर काढून ठेवला तर कॉम्प्युटर बाजूला पडतो आणि दांडा जिथे ठेवाल तिथला ठरलेला गिअर मिळतो: L मध्ये पहिला, 2 मध्ये तिसरा, D मध्ये थेट चौथा. जुम्म्याच्या सकाळी, रस्ते ओस असताना, कनेक्टर काढला. गाडी L मध्ये उचलली, वेग आल्यावर 2 केले, साठच्या पुढे D. काटा धपकन खाली आला. शंभराला अडीच हजार! चौथा गिअर जागेवर होता, शाबूत. न पडता गाडी तिसऱ्यातच राहिली असती किंवा घसरली असती, तेलाला जळका वास असता, तर मिस्त्रीचेच खरे ठरले असते आणि आम्ही मुकाट पैसे मोजले असते.

म्हणजे खोट विजेच्या बाजूला. मीटर काढला तर 'ओ/डी ऑफ' चा बल्ब उडालेला. नवा बसवला, किल्ली फिरवली, आणि दिवा लागला तो विझेचना. बटण कितीही दाबा, लागलेलाच. दांड्याचे कव्हर उघडले तर आत चहाचा चिकट थर, त्यात वाळू. आधीच्या कोणा मालकाचा प्रसाद! बटणाचे पॉइंट एकमेकांना चिकटून बसले होते, त्यामुळे कॉम्प्युटरला कायम 'ओव्हरड्राइव्ह नको' असाच निरोप जात होता. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतले, दोन-तीनदा टकटक केले, दिवा विझला.

तो दिवा धड असला की आणखी एक उपयोग होतो. बॉनेटखालच्या डायग्नोसिसच्या डबीत TE1 आणि E1 तारेने जोडले की तो उघडझाप करून कोड सांगतो: 62 आणि 63 सोलेनॉइडचे, 42 आणि 61 वेगाच्या सेन्सरचे. आम्हाला 62 आणि 63 दोन्ही दिसले, पण ते आम्हीच कनेक्टर काढल्यामुळे नोंदले गेले होते. ईएफआयचा फ्यूज अर्धा मिनिट काढून ठेवला, कोड पुसले गेले.

मिस्त्रीकडे जाऊन सगळे सांगितले. भला माणूस, हसला आणि म्हणाला, "बल्ब किसने देखा, भाई!" त्याच्याकडूनच गिअरबॉक्सचे तेल बदलून घेतले. मदिन्याच्या वाटेवर काटा अडीच हजाराच्या खाली राहिला, आणि अब्बा पहिल्या पन्नास किलोमीटरांतच झोपी गेले.