तिकिटाचे पैसे

मी गोरेगावचा म्हटलं की ऑफिसात हमखास प्रश्न येतो, ईस्ट की वेस्ट? बाबांनो, मुंबईचं नाही, गोंदिया जिल्ह्यातलं! लोकल नाही, धानाच्या बांध्या आहेत.

तर मागच्या हिवाळ्यात तिथल्या माझ्या शाळासोबत्याचा अपघात झाला. पायाचं ऑपरेशन, मोठं बिल. मी पुण्यात बसून मोबाईलवरून दहा हजार पाठवले आणि स्वतःचीच पाठ थोपटली. तासाभरात पैसे परत! मागोमाग त्याच्या बाबांचा फोन. "बाबू, तू आठवण ठेवली, बरं वाटलं. पण आम्ही अजून हात नाही पसरला."

खरं सांगतो, राग आला.

पंधरा दिवसांनी गावातल्या पोरांनी धान निघालेल्या बांधीत त्याच्यासाठी क्रिकेटचे सामने ठेवले. तिकीट वीस रुपये. आणि ते पैसे काकांनी घेतले! म्हणाले, "लोकांनी म्याच पाहिली ना? फुकटचे थोडीच आहेत."

हे डोक्यात होतं, तेव्हाच फुटबॉलच्या इतिहासात एक मॅच सापडली. 29 डिसेंबर 1862, शेफील्ड विरुद्ध हॅलम. फुटबॉल असोसिएशन स्थापन व्हायला अजून दहा महिने होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस येईना, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, कामगार उपाशी. (आपल्या वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत मागणी वाढली ती याच काळात.) त्या कामगारांच्या मदतीसाठी ही मॅच. तीन तास खेळून 0-0, मध्ये मारामारीसुद्धा झाली :)

गंमत म्हणजे ब्रॅमल लेन हे क्रिकेटचं मैदान. तिथे फुटबॉल पहिल्यांदा खेळला गेला तो या मदतीच्या निमित्ताने. पुढे 1889 साली तिथेच शेफील्ड युनायटेड क्लब निघाला. म्हणजे कामगारांना पैसे मिळाले आणि फुटबॉलला मैदान. ऑगस्टात आपण बघतो ती कम्युनिटी शील्डसुद्धा 1908 साली सुरू झाली ती चॅरिटी शील्ड म्हणूनच. नाव बदललं 2002 साली.

मग काकांचं म्हणणं कळलं. माझ्या दहा हजारांवर माझं नाव होतं. मी समोर आलो की दर वेळी त्यांना ते आठवलं असतं. वीस रुपयांच्या तिकिटावर कुणाचंच नाव नव्हतं. देणारा मॅच बघून घरी गेला, घेणाऱ्याची मान ताठच राहिली.

सामन्यांना मीही गेलो होतो. दारावरच्या पोराला पाचशेची नोट दिली आणि ऐटीत म्हटलं, "राहू दे बे बाकीचे."

त्याने शांतपणे 25 तिकिटं फाडून हातात ठेवली. "बाकीचे नाही ठेवत भाऊ. माणसं घेऊन ये."

मग काय, आईपासून शेजारच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना गोळा करून नेलं.