रोग गेला, बंदी राहिली

पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. अशा संस्थांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण बऱ्या झालेल्या माणसाला गावाबाहेर आसरा शोधावा लागावा, हे मला अजून सहन होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली १९८२ साली. सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्यांनी रोग बरा होतो, संसर्गाची भीती तर त्याच्या कितीतरी आधी संपते. डिसेंबर २००५मध्ये देशातलं प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं. आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ओडिशाच्या नगरपालिका कायद्यातली कुष्ठरुग्णांना निवडणुकीला अपात्र ठरवणारी तरतूद वैध ठरवली! मतदारांनी ज्याला डोळसपणे निवडलं, त्याला पदासाठी नालायक ठरवणारं कलम होतं १९५०चं, म्हणजे हे औषध येण्याच्या कितीतरी आधीचं. अशा तरतुदी ठेवायच्या का, याचा विधिमंडळाने विचार करावा, असं न्यायालयानेच सुचवलं. म्हणजे शास्त्र पुढे गेल्याचं दिसत होतं, तरी अन्याय त्या माणसाच्या पदरात पडला तो पडलाच. घटस्फोटाचं कारण म्हणून कुष्ठरोग तर २०१९पर्यंत कायद्यात होता.

कायद्याने काय होतं, लोकांची मनं बदलायला हवीत, असं म्हणणारे भेटतात. मनं बदलायला हवीत, हे खरंच. पण सरकारच्या पुस्तकातच बंदी छापलेली असताना भाड्याने खोली नाकारणाऱ्याला कोण काय बोलणार? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ही माणसं संस्थेत सुखात आहेत, त्यांना उगाच कशाला हलवायचं? इथे मला माझंच म्हणणं आवरतं घ्यावं लागतं. ज्यांचं आयुष्य तिथेच गेलं, जोडीदार तिथेच मिळाला, त्यांचं घर तेच. त्यांना बाहेर काढणं म्हणजे दुसऱ्यांदा घर मोडणं. पण आज निदान झालेल्या तरुणाला तीच वाट दाखवण्याचं काहीच कारण नाही.

त्याच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्या सुटण्यासारख्या आहेत. नसा बधिर झाल्या की तळव्याला खडा टोचलेला कळत नाही, जखम चिघळत जाते. त्यासाठी मऊ रबराच्या एमसीआर चपला आणि रोज पाय तपासायची सवय लागते. बोटं झिजली की रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही, आणि मागे रांग वाढत जाते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत कुष्ठमुक्त व्यक्तीही आहेत. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखायचा असतो. पनवेल महापालिकेने आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी त्यातून आधी चपला आणि मलमपट्टीची सोय करावी. दुकानदाराने अंगठ्याचा हट्ट सोडून डोळ्यांच्या नोंदीवर किंवा मोबाइलवर आलेल्या ओटीपीवर धान्य द्यावं, आणि तेही त्या माणसाला दुकानात परत बोलावल्याशिवाय, त्याच दिवशी.