आल्टामाँटची खिंड आणि विजेचा हिशेब

कॅलिफोर्नियातील ट्रेसी हे गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम पंधरा-सोळा मीटर उंचीवर, एका विस्तीर्ण सपाट खोऱ्याच्या पश्चिम कडेला वसले आहे. गावाच्या पश्चिमेस डोंगरांची रांग आडवी पसरली असून तिच्यापलीकडे, सुमारे पाऊणशे किलोमीटरवर, मिलपीटस आणि सॅन होजे ही संगणकव्यवसायाची शहरे लागतात. नोकरी तिकडे आणि घर इकडे, अशी विभागणी करून राहणारी असंख्य कुटुंबे ट्रेसीत आहेत. खाडीकाठच्या शहरांत घर घेणे मध्यम पगाराच्या माणसाच्या आवाक्यात उरलेले नाही. माझा पुतण्या त्यांपैकीच एक. २०२४ च्या उन्हाळी सुटीत त्याच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला आणि आल्टामाँटची खिंड मी त्याच्या शेजारी बसून अनेकदा ओलांडली.

बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरणाऱ्या माणसाच्या मनात घाट म्हटला की गर्द झाडी आणि धुके उभे राहते. आल्टामाँटला यांपैकी काही नाही. बोडक्या, गोलसर टेकड्या आणि त्यांवर वाळून सोनेरी झालेले गवत. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून टेकड्या हिवाळ्यात हिरव्या आणि उन्हाळ्यात पिवळ्या; आपल्या ऋतुचक्राचे गणित तेथे उलटे. खिंडीतून वारा मात्र असा सुटतो की गाडीचे दार उघडताना ते हातातून निसटावे. या वाऱ्यावर वीज करण्यासाठी १९८० नंतरच्या दशकात येथे हजारो पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांच्या पात्यांत सापडून सोनेरी गरुड मरू लागले, तेव्हा मोठा वाद झाला आणि पुढे जुन्या लहान चक्क्या काढून त्यांच्या जागी थोड्या पण उंच चक्क्या बसवण्यात आल्या.

खिंडीची उंची ३०७ मीटर. पहाटे पाचला निघालेल्या मोटारींची रांग दिव्यांची माळ धरावी तशी ती चढण चढत असते.

पुतण्याची गाडी टोयोटाची ‘प्रायस प्राइम’, २०१७ सालच्या नमुन्याची. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी तिची दुहेरी व्यवस्था असून घरच्या सॉकेटला वायर जोडून तिची बॅटरी भरता येते. प्लग-इन हायब्रिड म्हणतात ती हीच. विक्रीच्या वेळी काचेवर सरकारी आकडा चिकटवलेला होता : १३३. म्हणजे एका गॅलनला १३३ मैल! पुतण्याने तो कागद जपून ठेवला होता आणि त्याच्या पत्नीची तक्रार नेमकी त्या कागदाविषयी होती. “काका, तुम्ही शाळेचे हिशेब तपासता, हाही तपासा,” ती म्हणाली. “गॅलनला १३३ मैल, तर मग आठवड्यातून एकदा पेट्रोलची टाकी भरावी लागते कशी?”

तिचा प्रश्न रास्त होता. सरकारने ३३.७ युनिट वीज ही एका गॅलन पेट्रोलच्या बरोबरीची धरली आहे आणि १३३ हा आकडा गाडी केवळ विजेवर चालत असतानाचा आहे. विजेवर ती चालते २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. त्यापुढे पेट्रोल, आणि पेट्रोलवरचा आकडा ५४. आपल्या भाषेत लिटरला २३ किलोमीटर. हा दुसरा आकडाही त्याच कागदावर होता, पण मोठ्या अक्षरांतला वाचून झाला की छोट्याकडे कोण पाहतो?

पुतण्याची रोजची ये-जा दीडशे किलोमीटर. त्यातील ४० विजेवर गेली, तर ११० पेट्रोलवर, म्हणजे दिवसाला ४.८ लिटर पेट्रोल आणि ६.२ युनिट वीज. त्याच्या शेजाऱ्याकडे शेव्हरोलेची ‘व्होल्ट’ आहे, २०१६ ची. (ती गाडी बनवणे कंपनीने २०१९ मध्ये थांबवले.) कागदावर व्होल्ट कमी प्रतीची : विजेवर १०६, पेट्रोलवर ४२. परंतु तिची बॅटरी मोठी असल्याने ती विजेवर ५३ मैल, म्हणजे ८५ किलोमीटर जाते. त्याच दीडशे किलोमीटरना तिला पेट्रोल लागते ३.६ लिटर आणि वीज १६.४ युनिट. अधिक काटकसरी ठरवलेली गाडी अधिक पेट्रोल पिते, कमी काटकसरी गाडी कमी पिते. फ्रीमाँटमध्ये राहणारा, पंचवीस किलोमीटरवर नोकरी असणारा आणि कचेरीत गाडी चार्ज करू शकणारा पुतण्याचा एक मित्र मात्र हीच प्राइम वापरतो आणि त्याच्या टाकीतले पेट्रोल महिनोन्‌महिने तसेच असते. मोटार तीच, फरक केवळ घर आणि कचेरी यांमधील अंतराचा.

त्यातही खिंडीचा कर वेगळा. माणसांसह सोळाशे किलोची गाडी २९० मीटर वर उचलायची, तर निव्वळ उचलण्यासच सव्वा युनिट वीज लागते. वाऱ्याशी आणि रस्त्याशी झुंजण्याचा खर्च निराळा. भरल्या बॅटरीने निघून केवळ विजेवर चढलो, त्या दिवशी लिव्हरमोर गाव ओलांडण्यापूर्वीच बॅटरी संपली. पुतण्या आता बटण दाबून चढणीला पेट्रोल लावतो आणि वीज पुढच्या रखडत्या वाहतुकीसाठी राखतो. वारंवार थांबावे लागते तेथे विजेची मोटर इंजिनापेक्षा फार सरस. मात्र सुरुवातीचे काही किलोमीटर तो विजेवर काढतोच. कारण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर उतारावर चाके जी वीज परत देतात ती ठेवायची कोठे? भरल्या घागरीत पाणी ओतल्यासारखे होते.

पैशाचा हिशेब आणखी बारीक आहे. २०२४ मध्ये रात्रीचा सवलतीचा दर युनिटला तीस सेंटांच्या घरात होता आणि पेट्रोल गॅलनला पाच डॉलरच्या आसपास. या भावाने शंभर किलोमीटरला विजेवर पावणेपाच डॉलर, पेट्रोलवर पावणेसहा. बचत आहे, पण डोळे दिपावेत अशी नाही. दुपारी चार ते रात्री नऊ या वेळेत दर जवळजवळ दुप्पट होतो. कामावरून थकून आलेला माणूस सातला वायर जोडून मोकळा झाला, तर त्या विजेपेक्षा पेट्रोलच स्वस्त पडते. आमच्या सूनबाईंनी हे ऐकले आणि त्या रात्रीपासून वायर जोडण्याचे काम स्वतःकडे घेतले.

सगळेच इतके दक्ष नसतात. कॅलिफोर्नियात या गाड्यांना एक चिकटपट्टी मिळे. ती असली की एकट्या माणसालाही जलद मार्गिकेतून जाता येई. शेजारच्या गल्लीतील एका गृहस्थाने मला निःसंकोच सांगितले की, आपण गाडी घेतली ती त्या पट्टीसाठी. वायर अजून डिकीत वेष्टनातच आहे. युरोपातही निराळे चित्र नाही. २०२२ साली फ्राउनहोफर आणि आयसीसीटी या संस्थांनी केलेल्या पाहणीत खासगी मालकांच्या प्लग-इन गाड्यांना शंभर किलोमीटरला ४ ते ४.४ लिटर पेट्रोल लागत असल्याचे आढळले, तर कंपनीने दिलेल्या गाड्यांना ७.६ ते ८.४ लिटर. अधिकृत आकडा दोन लिटरच्याही आत होता. पेट्रोलचे बिल कंपनी भरते आणि विजेचे घरच्या मीटरवर चढते, तेथे वायरला कोण हात लावणार?

मिलपीटसच्या अलीकडे फ्रीमाँट लागते. तेथील मोटारकारखाना १९८४ पासून जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत चालवला, २०१० मध्ये तो बंद पडला आणि आज तेथे टेस्लाच्या निव्वळ विजेच्या गाड्या बनतात. व्होल्ट आणि प्राइम यांच्या जन्मदात्या कंपन्या एकेकाळी एकाच छपराखाली नांदत होत्या, हे पुतण्याला ठाऊक नव्हते. सांगितल्यावर त्याने त्या दिशेला मान वळवली, तेवढ्यात पुढची गाडी थांबली आणि त्याला ब्रेक लावावा लागला.

जलद मार्गिकेची सवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. पुतण्याचा परवा फोन आला होता. आठवड्यातून दोन दिवस तो आता ट्रेसीहून आगगाडीने जातो; हीच डोंगररांग ओलांडून सॅन होजेला जाणारी ती गाडी १९९८ पासून धावते. २०२३ नंतरची प्राइम विजेवर ७० किलोमीटर जाते म्हणून ती घ्यावी, असे त्याच्या मनात आहे. सूनबाई म्हणतात, आधी कचेरीत चार्जिंगची जागा मिळव.