'सापडत नाही' म्हणजे काय?

बदलीच्या नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना 'सापडत नाही' या शब्दांचा परिचय करून द्यावयास नको. कागद सापडत नाही, नोंद सापडत नाही, मागील कचेरीतून आलेले दप्तर सापडत नाही. हे विधान वस्तूविषयी आहे असे आपण समजतो. वस्तुतः ते शोधणाऱ्याविषयी असते. हा भेद अलीकडे आम्हांला एका चिमुकल्या संगणकाने नव्याने समजावून दिला.

रास्पबेरी पाय हे त्याचे नाव. मुलांनी संगणकाशी खेळत खेळत त्याची भाषा शिकावी, या हेतूने केंब्रिज येथील मंडळींनी तो घडविला व २०१२ साली विक्रीस आणला. आकार बँकेच्या कार्डाएवढा. सध्या आमचा मुक्काम लखनौस आहे. येथे आम्ही त्यावर डेबियन ही विनामूल्य प्रणाली बसविली आणि पाने पुरविण्याचे काम एंजिनएक्स या सर्व्हरकडे सोपविले.

हेतू घरगुती होता. आमच्या वडिलांनी ठिकठिकाणच्या नेमणुकांवरून आत्यांना लिहिलेली पत्रे आम्हांपाशी आहेत. आत्या साताऱ्यास असतात, वय सत्त्याऐंशी. शाईची बारीक अक्षरे त्यांना आता दिसत नाहीत; पडद्यावर मोठी करून वाचता येतील. परंतु पत्रांत कर्जे आहेत, रुसवे आहेत, एका मोडलेल्या सोयरिकीची हकीकत आहे. ती चव्हाट्यावर नकोत. म्हणून कुलूप हवे.

एंजिनएक्सला असे कुलूप लावता येते. नावे व परवलीचे शब्द यांची यादी त्याच्या हाती द्यावयाची. शब्द मात्र मूळ रूपात नव्हे, उलगडता न येणाऱ्या रूपात. ही यादी करणारे हत्यार म्हणजे एचटीपासवर्ड. आम्ही त्यास हाक मारली. उत्तर आले, 'कमांड नॉट फाउंड'. मौज अशी की, खुद्द एंजिनएक्सला हाक मारली तरी तेच उत्तर. आणि तो तर त्याच क्षणी पाने पुरवीत होता!

कारण असे की, आज्ञा मिळताच संगणक सारे घर धुंडाळीत नाही. ठरावीक कप्प्यांची एक यादी असते, तिला पाथ म्हणतात. तेवढेच कप्पे तो पाहतो. व्यवस्थापकाची हत्यारे ठेवण्याचा एसबिन हा कप्पा डेबियनमध्ये सामान्य वापरकर्त्याच्या यादीत नसतो. पूर्ण पत्ता देताच एंजिनएक्स हजर झाला. एचटीपासवर्ड मात्र तेथेही नव्हता. तो घरात आलाच नव्हता. डेबियनची सामग्री वेगवेगळ्या गाठोड्यांत बांधलेली असते, आणि हे हत्यार अपाची या दुसऱ्याच सर्व्हरच्या 'अपाची-टू-युटिल्स' नामक गाठोड्यात असते. अपाची बसविणाऱ्यास ते आपोआप मिळते. एंजिनएक्सवाल्याने ते मागून घ्यावयाचे. आधी उपलब्ध सामग्रीची सूची ताजी करावी, मग गाठोडे मागवावे. सूची कोरी असेल तर गाठोडेही 'सापडत नाही'. एकूण काम पाच मिनिटांचे.

त्या पाच मिनिटांत आम्हांला वडिलांचे सेवापुस्तक आठवले. ते निवृत्त झाल्यावर एका कचेरीतून दोन वर्षे 'सेवापुस्तक सापडत नाही' एवढेच उत्तर येत राहिले व निवृत्तिवेतन अडून राहिले. अखेर ते मिळाले शेजारच्या खात्याच्या कपाटात. प्रतिनियुक्तीच्या काळात तेथे गेलेले परत आलेच नव्हते. लिपिकाने आपली कपाटे प्रामाणिकपणे पाहिली होती. कोणती कपाटे पाहिली, हे मात्र कोणी विचारले नव्हते. आपल्यापैकी कित्येकांच्या सहीने असे शेरे आजही जातात. त्यांखाली 'कोठे पाहिले' एवढी एक ओळ लिहिण्याचा प्रघात पडला, तर एखाद्या घराची दोन वर्षे वाचतील.

त्या दोन वर्षांतली पत्रेही संग्रहात आहेत. आत्यांकडून वेळोवेळी घेतलेल्या पैशांचा हिशेब वडिलांनी त्यांत काटेकोरपणे मांडला आहे. परवा आत्यांनी ती मोठ्या अक्षरांत वाचली आणि रात्री फोन केला. म्हणाल्या, "दादानं शेवटचे चारशे रुपये फेडले होते. ते कुठं लिहिलेलं दिसत नाही. तू लिहून ठेव."

त्या पत्राखाली आम्ही ती नोंद जोडली आहे.