दीड जीबीची शाळा

२८ मार्च २०२०, शनिवार. केडगाव, नगर

कोरोनाची टाळेबंदी लागलीय, आणि आजपासून दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा सुरू झालं. सकाळी नऊला आणि रात्री नऊला. सासूबाई अंघोळ-पूजा उरकून साडेआठलाच टीव्हीसमोर येऊन बसल्या. १९८७ साली त्यांनी ते गावी पाटलांच्या ओसरीवर पाहिलं होतं, ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर, माणसांच्या डोक्यांच्या फटीतून. आज पहिल्यांदा सलग आणि रंगीत पाहिलं. “अगं, एवढं रंगीत होतं होय हे!” असं त्या दोनदा म्हणाल्या.

थोरल्याला सगळंच संथ वाटतंय. धाकटी मात्र आजीला चिकटून बसली होती आणि दर मिनिटाला “हा कोण? ती कोण?” चाललं होतं. आजीने दशरथाच्या तिन्ही राण्या, त्यांची मुलं, कोणाचं माहेर कुठलं, सगळं सांगितलं. पडद्यावर जेवढं दिसलं त्याच्या दुप्पट आजीच बोलली. दुपारी ‘महाभारत’ आहेच. धाकटी म्हणाली, तेही आजीजवळच बसून बघायचं.

१७ एप्रिल, शुक्रवार

पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही मालिका आता रोज सकाळी ग्रुपवर येते. इयत्तेप्रमाणे विषय आणि त्याखाली दीक्षा ॲपच्या लिंका. मी ती वर्गाच्या ग्रुपवर पाठवते. माझ्या वर्गात तेवीस मुलं, ग्रुपवर चौदा पालक. निळ्या खुणा दिसायला लागतात त्या रात्री आठनंतर. फोन बापाच्या खिशात आणि बाप दिवसभर कांद्यात नाही तर दुधाच्या गाडीवर. तोवर पोरं पेंगायला लागलेली असतात.

दीक्षा काही आजचं नाही. २०१७च्या शिक्षक दिनी ते सुरू झालं, आणि बालभारतीच्या पुस्तकांत चौकोनी कोड छापलेले आहेत. फोन धरला की त्या धड्याचा व्हिडिओ उघडतो. वर्गात मी ते कधीमधी वापरायचे, तेही माझ्याच फोनवर, सगळ्यांना भोवती गोळा करून. एक फोन आणि तेवीस डोकी. धक्काबुक्की व्हायची, पण व्हिडिओ थांबवून “आता काय होईल?” असं विचारता यायचं. आता लिंक माझ्याकडून निघते आणि कुठे जाऊन पडते ते कळत नाही. वर पाठवायच्या तक्त्याच्या रकान्यात मात्र ‘पाठवली : होय’ असं भरायचं.

१९ एप्रिल

एका पालकाचा फोन आला. “बाई, ते फुकट आहे म्हणता, पण दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपतो. दोघी बहिणींचे दोन व्हिडिओ झाले की बास.” मी म्हटलं, “दादा, व्हिडिओ नका लावू, पुस्तकातलं वाचून घ्या.” ते म्हणाले, “वाचून कोण घेणार? तिची आई खुरपायला जाते.”

९ मे, शनिवार

आज घरात शोध लागला. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आहेत, थेट १९७१च्या पहिल्या अंकापासून, सगळे फुकट. ‘किशोर’ त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सुरू झालं, वसंत शिरवाडकर पहिले संपादक. एका सरकारी मंडळाने मुलांसाठी मासिक काढावं आणि ते जवळपास पन्नास वर्षं टिकावं ही आपल्याकडे साधी गोष्ट नव्हे. अभ्यासाची पुस्तकं काढणाऱ्यांनीच अभ्यासाव्यतिरिक्त वाचायला द्यावं, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

ह्यांनी जेवणानंतर फोन हातात घेतला तो संध्याकाळपर्यंत खाली ठेवला नाही. शाळेत असताना ह्यांच्या घरी ‘किशोर’ येत नव्हता. गुरुजींच्या टेबलावर असायचा आणि ज्याचं शुद्धलेखन चांगलं त्याला रविवारपुरता घरी न्यायला मिळायचा. ह्यांना तो एकदाही मिळाला नव्हता, हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आज कळलं! धाकटी शेजारी बसून कोडी सोडवत होती आणि चित्रांवर हसत होती. “बाबा, ह्यांच्या चड्ड्या बघा केवढ्या आखूड!” लहान पडद्यावर जुनी पानं वाचताना डोळे दुखतात, अक्षर मोठं केलं की ओळ पळते. सासूबाईंनी चष्मा दोनदा पुसला आणि म्हणाल्या, “छापून आणा ना दोन-चार पानं.” झेरॉक्सवाले बंद आहेत.

१५ जून, सोमवार

नवीन वर्ष सुरू झालं. मुलं नाहीत, फुगे नाहीत, गुलाबाचं फूल नाही. पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे घेऊन आम्ही वस्त्यांवर गेलो. कल्याण रस्ता सोडून आत वळलं की पहिल्या टेकडीपर्यंत रेंज असते. पलीकडे उतरलं की फोनवर एक काडी, तीही वाऱ्यावर. ढवळपुरीकडची मेंढरं परतीच्या वाटेवर होती. माझ्या वर्गातली एक मुलगी कळपामागे चालत होती. पुस्तकं तिथेच रस्त्यावर दिली. तिने सगळी हुंगून पाहिली आणि मराठीचं तेवढं हातात ठेवलं, बाकीची घोड्यावरच्या पिशवीत गेली.

२० जुलै, सोमवार. दिव्याची अवस

सकाळी सासूबाईंनी समया, निरांजनं, कंदील सगळं घासून पाटावर मांडलं. त्याच वेळी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’चा पहिला दिवस. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीसाठी मालिका केली आहे. प्रत्येक इयत्तेचे साठ भाग, एकूण ४८० भाग, रविवार सोडून रोज. वेळापत्रक मी आठवडाभर आधीच कागदावर लिहून वस्तीवरच्या किराणा दुकानाच्या फळीला चिकटवून आले होते. ग्रुपपेक्षा ती फळी जास्त लोक वाचतात.

मला भीती होती की टीव्हीवर एखादे सर फळ्यासमोर उभे राहून धडा वाचतील. तसं नव्हतं. पाठ्यपुस्तकातली कल्पना घेऊन ती घरात, अंगणात, घरातल्याच माणसांना सोबत घेऊन कशी करून बघायची, असं सगळं. मूल एकटं पडद्याकडे बघत बसेल असं त्यांनी धरलेलंच नाही. आई, आजोबा, मोठा भाऊ, कोणीतरी बाजूला आहे असं धरूनच ते बांधलंय. इतक्या महिन्यांत लिंकांच्या ढिगात मला हे दिसलं नव्हतं. वर नेट लागत नाही. वस्तीवर अर्ध्या घरांवर फ्री डिशची छत्री आहे, तिला महिन्याचा हप्ता नाही. ज्या घरात फोन रात्री आठला येतो त्या घरात टीव्ही सकाळपासून असतो.

चौथीचा भाग लागला तेव्हा धाकटीने स्वयंपाकघरातून वाट्या आणल्या, डाळ आणली, सासूबाईंना ओढून आणलं. त्या म्हणत होत्या, “मला नाही गं जमायचं,” आणि मोजत होत्या. पाऊण वाटी, अर्धी वाटी. “एवढं तर मी रोज करते, याला काय शिकायचं!” धाकटी म्हणाली, “आजी, हेच अपूर्णांक.” त्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग पुढची वाटी मागितली.

अर्ध्यावर लाइट गेली. दिव्याची अवस असून.

२४ जुलै, शुक्रवार

पाऊस. वस्तीवर जाता आलं नाही.

थोरला टीव्हीला हात लावत नाही. सातवीला ते ‘लहान मुलांचं’ वाटतं. त्याला अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर नेऊन बसवलं. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, टाकाऊतून खेळणी करत आयुष्य घालवलं, पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं होते, २०१८ साली पद्मश्री. त्यांनी व्हिडिओ आणि पुस्तकांचा खजिना सगळ्यांसाठी उघडा ठेवलाय, मराठीतही पुष्कळ आहे. आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन त्रिकोण-चौकोन जोडायचे, हा त्यांचा जुना प्रकार. चौकोन डगमगतो, त्रिकोण ढिम्म हलत नाही.

काड्या घरात होत्या. ट्यूबसाठी सायकलवाल्याचं दुकान अर्धं शटर उघडं होतं. त्याने पाच रुपयांत हातभर ट्यूब दिली आणि विचारलं, “एवढी कशाला?” थोरल्याने तिथेच तीन काड्या जोडून दाखवल्या. मग सायकलवाल्याने त्याला आपल्या सायकलीच्या सांगाड्यातला त्रिकोण दाखवला. अर्धा तास दोघं बोलत उभे. मास्क दोघांचेही हनुवटीवर.

५ सप्टेंबर, शनिवार

शिक्षक दिन. ग्रुपवर गुलाबांची चित्रं आली. वस्तीवरच्या एका आईने मात्र आवाज पाठवला : “बाई, आमची पोरगी टीव्हीतलं बघून आम्हालाच प्रश्न विचारती. काय सांगायचं ते पाठवत जा.” आता मी रात्री तिला दोन-तीन मिनिटांचा आवाज पाठवते. व्हिडिओपेक्षा तो हलका, लगेच उतरतो. हळूहळू इतर आयाही मागायला लागल्या. मुलांसाठी लिंक आणि आयांसाठी आवाज, असं दुहेरी चाललंय. रकान्यात याला जागा नाही.

२६ सप्टेंबर

‘टिलीमिली’चे साठ भाग संपले. धाकटीने विचारलं, “आता सोमवारी काय?” सासूबाईंनीही विचारलं.

२४ ऑक्टोबर, शनिवार

उद्या दसरा. घरात सध्या सारोळा कासारच्या आजींचं वेड आहे. केडगावहून सारोळा असं कितीसं लांब! आपल्याच शेजारच्या सुमनबाई धामणे सत्तरीच्या, ‘आपली आजी’ या नावाने यूट्यूबवर स्वयंपाक दाखवतात आणि लाखो लोक बघतात. सगळी खटपट नातवाची. तो अकरावी-बारावीतला पोरगा. पावभाजीचा व्हिडिओ बघून “यापेक्षा चांगली मी करते” असं आजी म्हणाल्या आणि त्यातून हे सुरू झालं म्हणतात. कॅमेऱ्यासमोर आधी त्या बावरायच्या. सॉस, बेकिंग पावडर असले शब्द नातवाने म्हणून घेतले. परवा कोणीतरी त्यांचं चॅनेल पळवलं होतं, तेव्हा आमच्या घरात सुतक असल्यासारखं वातावरण. परत मिळालं तेव्हा सासूबाईंनी गोडाचा शिरा केला.

सासूबाईंना पदार्थांचं काही नवल नाही. “कारल्याला गूळ आमच्याकडे जास्त घालतात,” वगैरे चालू असतं. नवल आहे ते बोलण्याचं. टीव्हीवरची स्वयंपाकाची बाई पुण्या-मुंबईचं बोलते, ही आपल्यासारखं बोलते. रात्री ह्यांचं आणि थोरल्याचं ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ असतं, बारामतीकडच्या कांबळेश्वरचं. अधूनमधून इंदोरीकर महाराजांचं कीर्तन. त्या वेळी मी उठून भांडी घासायला जाते. बायकांवरचे त्यांचे विनोद मला हसवत नाहीत, हे घरात जाहीर आहे. बाकी घर हसतं. पण पाचही जण एका फोनसमोर बसतात आणि भांडणं त्या पडद्यावरून होतात, एकमेकांवरून होत नाहीत, हा फायदा मानावा लागेल.

५ डिसेंबर, शनिवार

गुरुवारी सोलापूरकडच्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. जिल्हा परिषदेचा मास्तर! पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचं काम त्यांनी फार आधी सुरू केलं होतं. दहा लाख डॉलरमधले अर्धे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांना वाटून टाकले. शिक्षकांच्या ग्रुपवर दिवसभर अभिनंदन. संध्याकाळी एकाने हळूच विचारलं, “आपल्याकडे किती पोरांनी कोड उघडला?” त्यावर कोणी काही लिहिलं नाही.

आता दर शनिवारी ‘गोष्टींचा शनिवार’ येतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टी. चित्रं सुंदर, फाइल लहान. मी झेरॉक्स काढून वस्तीवर नेते. ऊसतोडीला गेलेल्या दोन घरच्या मुलांना आवाजात वाचून पाठवली. कारखान्याच्या तळावरून उत्तर आलं : मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज आणि पोरगा गोष्ट परत सांगतोय, शेवट स्वतःचा घालून. वाघाला त्याने ऊस खायला लावला.

३ जानेवारी २०२१, रविवार

सावित्रीबाईंची जयंती. ऑनलाइन भाषणं झाली. सगळ्यांनी भिडेवाडा सांगितला, नगर कोणीच सांगितलं नाही. जोतीरावांनी सावित्रीबाईंना आधी घरी शिकवलं आणि शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांनी घेतलं ते इथे, आपल्या नगरला, फरारबाईंच्या शाळेत. सिंथिया फरार १८२७ साली अमेरिकेहून मुंबईला आल्या, पुढे नगरला, आणि १८६२ साली इथेच गेल्या. मुलींना शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. वस्तीवरच्या आयांना आज मी हेच पाठवलं, चार मिनिटांच्या आवाजात. एकीचं उत्तर आलं : “नवऱ्याने घरी शिकवलं ते बरंय, पण बाई, त्या वेळी पोरं कोण सांभाळायचं?” सावित्रीबाईंना पोटचं मूल नव्हतं, हे सांगावं की नाही याचा विचार करत बसले. सांगितलं. तिकडून बराच वेळ काही आलं नाही, मग आलं : “मग मला शिकवा की. माझी पोरं सासूकडं असत्यात दुपारी.”

८ जानेवारी

दुपारी अडीच. वस्तीवरची ती आई शिकायला बसते, बाजूला तिची मुलगी, माझ्या वर्गातली. मी बोलते, ती पाटीवर लिहिते आणि मुलगी तिची अक्षरं तपासते. आज ‘क्ष’वरून दोघींचं वाजलं. मुलीचं बरोबर होतं.

२५ जानेवारी, सोमवार

पाचवी ते आठवीचे वर्ग २७ तारखेपासून उघडणार. थोरल्याच्या शाळेचं संमतीपत्र आलं, ह्यांनी सही केली. चौथीचं काहीच नाही, म्हणून धाकटी रुसली आहे. मग हिशेब करून म्हणाली, “दादा शाळेत गेला की दीड जीबी सगळा माझा ना?”

सासूबाई मध्येच बोलल्या : “निम्मा माझा.”